जाणवले, पण कळले नाही

एका काल्पनिक नगरातल्या एका काल्पनिक दुकानदारावर कोणी मोहिनीमंत्र टाकला आणि तो लागला नाही. आता प्रश्न असा, की आपल्यावर असा काही प्रयोग झाला हे त्या दुकानदाराला कळते का? वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. पण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि त्या कुळातले इतर खेळ खेळणारी मंडळी या प्रश्नावर तावातावाने भांडत आली आहेत, आणि नियमपुस्तकांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांनीही त्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. हा प्रश्न साहित्याच्या वर्गात आणण्याच्या लायकीचा आहे असे माझे मत आहे. कथनमीमांसा शिकवताना आपण 'कोणाला काय ठाऊक आहे' हा मुद्दा पुन्हा पुन्हा घोळतो. तो इतक्या रोखठोक रूपात, जवळजवळ हिशेबाच्या वहीत मांडल्यासारखा, मला दुसरीकडे क्वचितच भेटला आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडेसे सांगायला हवे. चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र रचलेले असते: कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. एक जण 'डंजन मास्टर' होतो. त्याला मी इथे सूत्रधार म्हणते, कारण त्याचे काम खरोखरच तेच आहे. जग तो उभे करतो, इतर सगळी पात्रे तोच बोलतो, आणि 'आता तुम्ही काय करता?' असे विचारत राहतो. खेळ सगळा बोलण्यातून पुढे सरकतो. एखाद्या कृतीचा निकाल संदिग्ध असेल तेव्हाच फासा टाकायचा. मंत्र टाकला गेला की ज्याच्यावर तो टाकला त्याला बहुतेक वेळा एक संधी मिळते. तिला 'सेव्हिंग थ्रो' म्हणतात. आपण बचावाचा फासा म्हणू. फासा पुरेसा चांगला पडला तर मंत्र निष्फळ होतो, निदान त्याची धार बोथट होते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला तेव्हापासून बचावाचा फासा त्यात आहे. तो आला छोट्या शिपायांच्या युद्धखेळांतून, म्हणजे अशा जगातून जिथे शिपायाला मन नव्हते.

हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९७९ साली सूत्रधारांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथात गायगॅक्सने या फाशाचे मोठे हिरिरीने समर्थन केले आहे. साखळदंडांनी खडकाला जखडलेला वीर, समोर आग ओकणारा ड्रॅगन; अशा वीराला बचावाची संधी कशी काय असू शकते, असा आक्षेप त्याने स्वतःच उभा केला. त्याचे उत्तर साधारण असे: का नसावी? शेवटच्या क्षणी तो ज्वाळांखाली वाकला असेल, खडकात एखादी कपार सापडली असेल, बेडी निसटली असेल. म्हणजे फासा आधी पडतो आणि त्याची कथा नंतर सांगितली जाते. कथनाच्या दृष्टीने ही मोठी सूचक गोष्ट आहे. घटना आधी ठरलेली असते, कारण मागाहून शोधायचे असते. इतिहासकार आणि रहस्यकथाकार दोघेही हेच करतात.

पण गायगॅक्सचे उदाहरण देहाचे आहे. ज्वाळेतून वाचलेल्या वीराला आपण वाचलो हे सांगावे लागत नाही. त्याच्या भुवया करपलेल्या असतात. मनावरच्या मंत्राचे काय? त्यात कपार कुठली, ज्वाळा कुठली? मोहिनी लागली नाही, म्हणजे नेमके घडले काय? काहीच घडले नाही, की काहीतरी घडता घडता राहिले? या दोन वाक्यांत जो फरक आहे त्यावरच सगळा वाद उभा आहे.

२००० साली खेळाची तिसरी आवृत्ती आली. तिने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला आजही सर्वात समंजस वाटते. ज्या मंत्राचा डोळ्यांना दिसेल असा परिणाम नाही अशा मंत्रापासून बचाव झाला, तर त्या पात्राला एखाद्या वैरी शक्तीचा स्पर्श किंवा अंगावर झिणझिणी जाणवते. पण हल्ल्याचे नेमके स्वरूप त्याला सांगता येत नाही. उलट बाजूने, नेमक्या व्यक्तीवर रोखलेला मंत्र फसला की मांत्रिकालाही ते जाणवते. एखाद्या प्रदेशावर पसरलेल्या मंत्रातून मात्र कोण निसटले हे त्याला समजत नाही.

मराठी माणसाला हा नियम समजावून घ्यायला फारसे कष्ट पडू नयेत, कारण आपल्या व्याकरणात तो आधीच बसलेला आहे. 'जाणवणे', 'वाटणे', 'उमगणे' या क्रियापदांशी अनुभवणारा माणूस चतुर्थीत येतो: त्याला जाणवले, तिला उमगले. 'ओळखणे', 'ताडणे', 'हेरणे' यांच्याशी तो कर्ता होतो: त्याने ओळखले, तिने ताडले. पहिल्या प्रकारात अनुभव माणसाकडे चालत येतो, तो नुसता उंबरठ्यावर उभा असतो. दुसऱ्या प्रकारात माणूस स्वतः काहीतरी करतो आणि त्या करण्याची जबाबदारीही घेतो. तिसऱ्या आवृत्तीने हे दोन प्रांत काटेकोरपणे वेगळे ठेवले. जाणवणे फुकट, फासा यशस्वी झाला की ते आपोआप मिळते. ओळखण्याची किंमत वेगळी. आपल्यावर रोखलेला मंत्र नेमका कोणता होता हे ताडण्यासाठी 'स्पेलक्राफ्ट' नावाचे कौशल्य लागते आणि त्याची काठिण्यपातळी २५ अधिक त्या मंत्राची पायरी अशी ठरवलेली आहे. सामान्य दुकानदाराच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे. त्याला जाणवेल, तो ओळखणार नाही. इंग्रजीत लिहिलेल्या नियमाला हे सांगायला दोन ठिकाणी दोन नियम करावे लागले, आपले काम एका विभक्तीत भागते, याचा थोडा भाषिक अभिमान वाटला तर वाचकांनी तो माफ करावा.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हे सगळे पुसून टाकले. तिथला नियम असा, की मंत्राचा इंद्रियांना कळेल असा परिणाम नसेल तर आपण त्याचे लक्ष्य होतो हेही त्या प्राण्याला कदाचित कळणार नाही. कडाडणारी वीज उघडच दिसते; मनातले विचार वाचण्याचा प्रयत्न मात्र सहसा ध्यानात येत नाही, मंत्राच्या वर्णनात तसे वेगळे सांगितले नसेल तर. 'कदाचित', 'सहसा' असे दोन पाचरीचे शब्द त्यात होते आणि त्यांच्या आधाराने सूत्रधाराला हवे तिकडे वळता येत असे. २०२४ साली सुधारलेले नियमपुस्तक आले तेव्हा त्या पाचरीही काढल्या गेल्या. आता साधे विधान आहे: कळत नाही. मौजेची गोष्ट अशी, की यात बचावाचा उल्लेखच नाही. मंत्र लागलेला माणूस आणि मंत्र झटकून टाकलेला माणूस दोघेही एकाच वाक्यात, एकाच अज्ञानात ढकलले गेले आहेत.

याचे परिणाम कसे चमत्कारिक होतात ते 'चार्म पर्सन' या मंत्रात दिसते. हा मोहिनीमंत्र लागला तर माणूस तासभर मांत्रिकाला आपला स्नेही समजतो. तास संपला, मंत्र उतरला, की पाचव्या आवृत्तीत त्याला स्पष्ट कळते की याने आपल्यावर मोहिनी घातली होती. मग तो रागावतो, पहारेकऱ्यांना बोलावतो, बोभाटा करतो. हे न्याय्य आहे. पण तोच मंत्र फसला तर? सामान्य नियमाप्रमाणे त्याला काहीच कळत नाही. म्हणजे जो मांत्रिक यशस्वी झाला त्याच्या नशिबी वैर आणि जो अयशस्वी झाला तो हसतमुखाने आणखी एकदा प्रयत्न करायला मोकळा. ज्याचे मन बळकट निघाले त्याला त्या बळाचा काही लाभ नाही. तो दुबळा निघाला असता तर निदान तासाभराने तरी त्याला सत्य समजले असते. कोणत्याही कथेत हा न्याय आपण खपवून घेतला नसता.

या ठिकाणी कायद्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ५११ व्या कलमात गुन्ह्याच्या प्रयत्नाला शिक्षा सांगितली होती आणि तिथे दिलेली उदाहरणे वाङ्मयीन दृष्ट्याही सुंदर आहेत. एकाने दागिन्यांची पेटी फोडली, आत दागिना नव्हता. एकाने दुसऱ्याच्या खिशात हात घातला, खिसा रिकामा होता. दोघेही दोषी. १ जुलै २०२४ पासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली तरी प्रयत्नाला शिक्षा हे तत्त्व तिच्यात कायम आहे. रिकाम्या खिशाच्या मालकाचे नुकसान काहीच झालेले नसते. पण खिशात हात गेला होता हे कळण्याचा हक्क त्याला आहे की नाही? खिशाला जर तो हक्क असेल, तर मनाला नाकारायचा कशाच्या आधारावर? माझ्या वर्गातल्या मुलींनी या प्रश्नाचे उत्तर देताना क्षणाचाही विलंब लावला नाही आणि मुले थोडी विचारात पडली, एवढेच नोंदवून पुढे जाते.

पाचव्या आवृत्तीच्या बाजूने जे बोलले जाते तेही ऐकायला हवे. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येक फसलेल्या मंत्राचा गवगवा होणार असेल तर सूक्ष्म जादूला अर्थ उरत नाही. राजदरबारातला हेर, वाटाघाटीला बसलेला दूत, दरोड्याच्या आधी पहारेकऱ्याला पटवू पाहणारा चोर यांची कथाच होणार नाही. पहिल्याच अपयशाला तलवारी उपसल्या जातील. शिवाय मनोव्यापार अदृश्य असतात हे अनुभवाला धरूनच आहे. रस्त्याने जाताना आपण शंभर जाहिराती नाकारतो. त्यातली एक तरी नाकारल्याचे आपल्याला जाणवते का?

शेवटचा मुद्दा कसदार आहे, पण तो बचावाच्या फाशाला लागू पडत नाही असे मला वाटते. न वाचलेल्या जाहिरातीला आपण नाकारलेलेच नसते. ती आपल्यापर्यंत आलीच नाही. बचावाचा फासा पडतो तेव्हा मंत्र येऊन ठेपलेला असतो. त्या क्षणी मनाचे वीस बाजूंच्या फाशावर लागणारे सगळे बळ पणाला लागते; बुद्धी, श्रद्धा, अनुभव यांची बेरीज केली जाते. इतका खटाटोप होतो आणि ज्याच्या मनात तो होतो त्याला पत्ताही नाही, हे मानसशास्त्र म्हणून लटके आहे. टॉल्किनच्या 'द टू टॉवर्स' (१९५४) मध्ये सारुमानच्या आवाजाचे एक प्रकरण आहे. या खेळांच्या पूर्वजांत टॉल्किनचे नाव मोठे आहे, म्हणून त्याची साक्ष काढणे गैर नाही. त्या आवाजाचा परिणाम टॉल्किनने फार बारकाईने सांगितला आहे. काहींवर तो बोलणे चालू असेपर्यंतच टिके, काहींवर दूर गेल्यावरही उरे; पण मन आणि इच्छाशक्ती यांचा प्रयास केल्याशिवाय त्याला नाकारणे कोणालाच शक्य नव्हते. प्रयासाशिवाय नकार नाही. मग प्रयासाची आठवण उरणारच. थिओडेन राजा बराच वेळ गप्प राहतो, आणि मग बोलतो तेव्हा त्याचा आवाज जड झालेला असतो. हीच ती झिणझिणी.

होमरचे उदाहरण याहून जुने आणि याहून नाट्यमय आहे. 'ओडिसी'च्या दहाव्या सर्गात सर्सी ही जादूगारीण ओडिसियसला औषध घातलेले पेय देते, छडीचा फटका मारते आणि डुक्कर होऊन खुराड्यात जाण्याची आज्ञा करते. हर्मीसने दिलेल्या मुळीमुळे त्याला काहीच होत नाही. पुढचे सगळे आख्यान या 'काहीच न होण्या'तून उगवते. सर्सी चकित होते. तिचे पेय पिऊन आजवर कोणी टिकले नव्हते. अर्थात हा ओडिसियसच असला पाहिजे, असे ती ओळखते. मंत्र फसला, पण फसण्यातून मांत्रिकाला नाव मिळाले. तिसऱ्या आवृत्तीत मांत्रिकाला अपयश जाणवते असा जो नियम आहे त्याचे मोल इथे समजते. कोणावर मंत्र चालत नाही हे कळणे ही मोठी माहिती आहे. आणि ओडिसियसलाही प्रयोग झाल्याचे ठाऊक असल्यामुळेच तो तलवार उपसतो. दोघांपैकी एकालाही काही कळले नसते तर? सर्सी दुसरा पेला भरायला आत गेली असती, ओडिसियस तोंड पुसत बसला असता आणि होमरला विषय बदलावा लागला असता.

अॅरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त कथानकाच्या एकतेविषयी लिहिताना म्हटले आहे, की ज्याच्या असण्यानसण्याने काही फरक पडत नाही तो भाग त्या सांगाड्याचा अवयवच नव्हे. मी ही कसोटी या खेळाला लावते. ज्याची जाणीव कोणालाच नाही असा फसलेला मंत्र हा कथेतून सहज उचलून टाकता येण्याजोगा तुकडा आहे. टेबलाभोवतीची दोन-तीन मिनिटे गेली, फासा खडखडला, आणि जग होते तिथेच राहिले. 'बरे, आता मी पुन्हा तोच मंत्र टाकतो,' असे खेळाडू म्हणतो तेव्हा त्याचे काही चुकत नाही. नियमानेच त्याला ते शिकवलेले असते.

हेराच्या आक्षेपाला उत्तर जाणवणे आणि कळणे यांच्या अंतरातच आहे. झिणझिणी जाणवलेला दरबारी लगेच कोणावर बोट ठेवू शकत नाही. सभेत दहा जण आहेत. त्यांपैकी कोण? की ही नुसती थंडी? तो आता सावध झाला, एवढेच. हेराचे काम अवघड झाले, अशक्य झाले नाही, आणि अवघड झाल्यामुळेच ते सांगण्याजोगे झाले. 'पाथफाइंडर' या भावंड-खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीने या अंतराचा आणखी खोडकर उपयोग केला आहे. तिथे निकालाच्या दोनऐवजी चार पायऱ्या असतात. मोहिनीपासून पराकोटीचे यश मिळाले तरच लक्ष्याला कळते की आपल्याला भुलवण्याचा यत्न झाला. साधे यश मिळाले तर मंत्र लागत नाही, पण हा कसला तरी निरुपद्रवी मंत्र होता असा त्याचा समज होतो. मला ही कल्पना फार आवडते. न कळणे आणि कळणे यांच्या मध्ये तिने चुकीचे कळणे बसवले. प्रहसनाचा सगळा डोलारा याच खांबावर उभा असतो.

वादात आणखी एक घोटाळा नेहमी होतो. मंत्राचा परिणाम जाणवणे वेगळे आणि मंत्र म्हटला जात असल्याचे दिसणे वेगळे. या खेळात बहुतेक मंत्रांना उच्चार लागतो, हातवारे लागतात, चिमूटभर काहीतरी द्रव्य लागते. दुकानदारासमोर उभे राहून कोणी बोटे नाचवत पुटपुटू लागला, तर झिणझिणीची वाट न पाहताही त्याने सावध व्हायला हवे. बरेच खेळाडू मात्र असे धरून चालतात, की आपले पुटपुटणे फक्त सूत्रधाराला ऐकू जाते. म्हणजे नकळत ते संस्कृत नाटकाचा संकेत वापरत असतात. आपल्या नाट्यशास्त्रात रंगमंचावरचे बोलणे कोणाला ऐकू जाते याची व्यवस्था आहे. सर्वांना ऐकू जाणारे वेगळे. त्रिपताक हस्ताचा आडोसा करून दोघांतच बोलले जाणारे जनान्तिक वेगळे. तोंड फिरवून एकालाच सांगितलेले अपवारित वेगळे. आणि रंगमंचावर कोणालाच ऐकू न जाणारे स्वगत वेगळे. प्रेक्षकाला अर्थातच सगळे ऐकू येते. भरतपरंपरेने हे संकेत स्पष्ट ठरवले म्हणून कोणी प्रेक्षक उठून 'राजाला हे ऐकू कसे आले नाही?' असे विचारत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये हा खुलासा व्हायला २०१७ सालचे 'झॅनाथार्स गाइड टू एव्हरीथिंग' हे पुस्तक यावे लागले. उच्चार, हातवारे किंवा द्रव्य यांपैकी काही असेल तर मंत्र टाकणे इतरांना जाणवू शकते. एखाद्या खास शक्तीने ही सगळी अंगे गाळली असतील तरच नाही, असे त्यात सांगितले आहे. अशी एक शक्ती 'सॉर्सरर' या वर्गाकडे असते आणि तिला 'सटल स्पेल' म्हणतात. मी वर्गात तिचे भाषांतर 'स्वगतमंत्र' असे केले. विद्यार्थ्यांना ते पटले.

आता टेबलाकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. वरचा सगळा विचार लक्ष्य हे सूत्रधाराचे पात्र आहे असे धरून केला. पण मंत्र खेळाडूच्या पात्रावर येतो तेव्हा काय? सूत्रधार म्हणतो, 'मनोबलाचा फासा टाक.' खेळाडू टाकतो. अठरा पडतात. सूत्रधार म्हणतो, 'ठीक. काही झाले नाही.' आणि मेजवानीचे वर्णन पुढे चालू होते. त्या खेळाडूला आता पक्के ठाऊक आहे की कोणीतरी काहीतरी केले. त्याच्या पात्राला, पाचव्या आवृत्तीनुसार, काहीही ठाऊक नाही. गॅरी अॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने १९८३ साली 'शेअर्ड फँटसी' या पुस्तकात अशा खेळांचा अभ्यास केला आणि गॉफमनच्या चौकटींच्या कल्पनेचा आधार घेऊन दाखवले, की टेबलाशी बसलेला माणूस एकाच वेळी माणूस, खेळाडू आणि पात्र अशा तीन थरांवर वावरत असतो. थरांमधली माहिती गळू द्यायची नाही, ही खेळाची सभ्यता.

नट हे रोज करतो, असे कोणी म्हणेल. ऑथेल्लोचे काम करणाऱ्याला इयागोचे कपट ठाऊक असतेच. पण नटाच्या हाती संहिता असते. पुढचे वाक्य त्याने निवडायचे नसते. इथे प्रत्येक पुढची कृती खेळाडूच निवडतो. समोरच्या सरदाराचा पेला प्यायचा की नाही? नाही प्यायला तर ठाऊक असलेल्याचा फायदा घेतला असे होते. मुद्दाम प्यायला तर तेही ठाऊक असल्यामुळेच. ठाऊक नसते तर मी काय केले असते, या प्रश्नाला ठाऊक असलेला माणूस प्रामाणिक उत्तर देऊच शकत नाही. सूत्रधाराने पडद्याआड गुपचूप फासा टाकावा हा उपाय आहे, पण त्यात आपल्या पात्राचे दैव आपल्या हातून पडण्याचा आनंद जातो. त्यापेक्षा झिणझिणीचा नियम किती सुटसुटीत! खेळाडूला जेवढे ठाऊक, जवळजवळ तेवढेच पात्राला: काहीतरी झाले, काय ते माहीत नाही. थर एकमेकांना जुळतात आणि सोंग करावे लागत नाही. ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६५ साली रुग्णालयातल्या मरणासन्न रुग्णांविषयी लिहिताना जाणिवेच्या चार अवस्था सांगितल्या होत्या: रुग्णाला काहीच ठाऊक नसणे, त्याला संशय असणे, दोन्ही बाजूंनी ठाऊक असून ठाऊक नसल्याचे नाटक, आणि उघड जाणीव. यातली संशयाची अवस्था सर्वात अस्थिर, कारण संशयी रुग्ण सारखा चाचपत राहतो, परिचारिकेच्या चेहऱ्यावरून निदान वाचू पाहतो. आयुष्यात ती यातना आहे. खेळात मात्र तिच्यासारखी दुसरी चालना नाही.

मायाजालाच्या मंत्रांविषयी थोडेच लिहिते, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कोलरिजने १८१७ साली अविश्वासाला स्वेच्छेने बाजूला ठेवण्याची जी गोष्ट सांगितली ती आपण पहिल्याच वर्षी शिकवतो. या खेळात तिची उलट बाजू आहे. जुन्या आवृत्त्यांत मायावी दृश्य दिसले की खेळाडूला 'माझा विश्वास नाही' असे जाहीर करावे लागे. तिसऱ्या आवृत्तीत मायेपासून बचाव झाला की ती पुसली जात नाही. तिची पारदर्शक रेषाकृती समोर तरळत राहते. आणि ज्याचा विश्वास उडाला त्याने ते इतरांना सांगितले, तर त्या प्रत्येकाला बचावाच्या फाशावर अधिक ४ मिळतात. समीक्षेच्या सामाजिक उपयोगाचे आकड्यात केलेले दुसरे मोजमाप माझ्या पाहण्यात नाही.

राहता राहिला 'झोन ऑफ ट्रुथ', म्हणजे सत्याचे वर्तुळ. पंधरा फूट त्रिज्येच्या या वर्तुळात ज्याचा बचाव फसला त्याला जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही. मंत्र लागलेल्याला तो लागल्याचे भान असते, असे पाचवी आवृत्ती इथे आवर्जून सांगते, आणि त्यामुळे तो उत्तर टाळू शकतो, सत्याच्या हद्दीत राहून आडवळणे घेऊ शकतो. युधिष्ठिराने अश्वत्थाम्याविषयी जे वाक्य उच्चारले, ज्यातला हत्ती त्याने हळूच, अपवारितात म्हणावा तसा म्हटला, ते या वर्तुळात बिनदिक्कत चालले असते. मंत्राचे भान असल्यामुळे इथे भाषेला काम मिळते. म्हणून सूत्रधारांचा हा आवडता मंत्र आहे.

पण नियम पुन्हा वाचावा. भान येते ते मंत्र लागलेल्याला. ज्याने तो झटकला त्याच्याविषयी पुस्तक गप्प आहे. मांत्रिकाला मात्र कोण निसटले आणि कोण सापडले हे माणसागणिक कळते. समजा, वर्तुळात एक निरपराध साक्षीदार उभा आहे. त्याचा फासा चांगला पडला. तो मोकळा आहे, आणि आपण मोकळे आहोत हे त्याला माहीत नाही. तो जे पाहिले ते सरळ, खरे खरे सांगतो. मांत्रिकाला ठाऊक आहे की या माणसाला खोटे बोलता येते. तो मान हलवतो आणि पुढच्या साक्षीदाराकडे वळतो. आपल्यावर विश्वास का ठेवला गेला नाही, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?